तिसरा रकाना

कलेचं मोल करता येत नाही. हे थोर वाक्य पहिल्यांदा कोणी उच्चारलं याची कुठे नोंद नाही, पण तो माणूस चित्रकार नसावा, चित्राचं गिऱ्हाईक असावा, याबद्दल या गोष्टीतल्या चित्रकाराची खात्री पटली होती. कारण हे वाक्य आजवर त्याला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांनी ते म्हणता म्हणताच चित्र काखेत मारलं होतं.

चित्रकार चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाच्या मनात शंका नको. माणसाचा चेहरा तो असा काढायचा, की चित्र बघून त्या माणसाच्या बायकोने म्हणावं, "अगदी असेच बघतात हे, थाप मारताना." खोट हातात नव्हती, जिभेत होती. "किती घ्याल?" असं कुणी विचारलं की त्याला आधी घाम फुटायचा, मग हसू फुटायचं, आणि शेवटी तोंड फुटायचं ते एवढंच बोलायला: "तुम्हाला वाटेल ते द्या हो." आता लोकांना काय वाटणार? लोकांना फार छान वाटायचं. एका दंतवैद्याने दवाखान्यात लावायला हसऱ्या मुलांचं चित्र नेलं आणि मोबदला म्हणून चित्रकाराची एक दाढ फुकट काढून दिली. दाढ दुखत नव्हती. पण माणूस एवढ्या प्रेमाने म्हणतोय, तर नाही कसं म्हणायचं?

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिला हे आयुष्य समजतच नसे.

"आमच्याकडे पाकिटावर किंमत छापलेली असते," ती म्हणायची. "लोक येतात, वाचतात, देतात, जातात. तापाने फणफणलेला माणूससुद्धा मला म्हणत नाही, की बाई, तुम्हाला वाटेल ती गोळी द्या."

"पण चित्र म्हणजे गोळी नाही गं."

"नाहीच. गोळीने बरं वाटतं."

हे सगळं असंच रेटत राहिलं असतं, पण मध्ये साडू आले. साडू हे नातं मुळात तुलनेसाठीच निर्माण झालेलं असतं. तुलना करून झाली की ते चहा पिऊन जातात. या वेळी मात्र ते चहाबरोबर एक नोकरी घेऊन आले. त्यांच्या ओळखीची खोकी बनवणारी कंपनी होती. साबणाची, बुटांची, बल्बची खोकी. त्या खोक्यांवरची नक्षी आखणारे गृहस्थ तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. खुर्ची, पंखा, महिन्याच्या महिन्याला पगार.

"कलेचंच काम आहे की," साडू म्हणाले. "फक्त खोक्यावर करायचं."

साडू गेल्यावर बायको बराच वेळ कप विसळत राहिली. कप दोनच होते. मग म्हणाली, "तीन महिने तुमचे. तेवढ्यात एक चित्र, एकच, तुम्ही तोंडाने सांगाल त्या पूर्ण किमतीला विकून दाखवा. दाढ नाही, आशीर्वाद नाहीत. सगळे पैसे हातात. तसं झालं तर खोक्यांचं नाव मी या घरात काढणार नाही."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर चित्रकाराला रुसता तरी आलं असतं. तिने ते थकून म्हटलं.

शेजारी विमाकाका राहायचे. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झाले होते, आणि ज्यांना विकला ते सगळे अजून जिवंत असल्याचं त्यांना थोडं वाईटही वाटायचं, कारण विम्याचा खरा फायदा लोकांना दाखवायचा राहूनच गेला. त्यांची बाल्कनी आणि चित्रकाराची खोली यांच्यामध्ये एक जाळी होती. त्या जाळीतून सल्ला आरपार येत असे.

"अरे, माणसाला किंमत सांगायची नसते," विमाकाका म्हणाले. "निवड द्यायची असते. तीन रकाने कर. पहिला इतका दरिद्री, की घेणाऱ्याला स्वतःची लाज वाटली पाहिजे. तिसरा इतका महाग, की वाचताना घशाला कोरड पडली पाहिजे. माणूस आपोआप मधल्यात येऊन पडतो."

"आणि तिसरा कुणी घेतला तर?"

"तिसरा घ्यायचा नसतोच रे. तो मधला स्वस्त दिसावा म्हणून उभा असतो. आमच्या सगळ्या योजनांना तिसरा रकाना होता."

"त्यात काय द्यायचात तुम्ही?"

विमाकाका विचारात पडले. "आठवत नाही बुवा. कुणी विचारलंच नाही कधी."

चित्रकार दरपत्रक करायला बसला. दुसरा कुणी असता तर त्याने ते दुपारी लिहून संध्याकाळी छापून आणलं असतं. पण हा चित्रकार. त्याने आधी कागद निवडला, मग तो कागद नाकारला. अक्षरांचं वळण ठरवण्यात पहिला आठवडा गेला. रकान्यांभोवती वेल काढावी की नुसती रेघ, या प्रश्नावर त्याची झोप उडाली. शेवटी वेल काढली, ती इतकी देखणी उतरली, की रकान्यातला मजकूर त्या वेलीला आलेल्या किडीसारखा दिसू लागला. म्हणून वेल खोडली. बायकोने कामावर जाता जाता खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"किंमत कुठेय?"

"ही काय."

"ही होय? मला वाटलं मुंगी बसलीय."

किमती मोठ्या केल्या. पहिल्या रकान्यात 'साधे': पेन्सिलीने नुसता चेहरा, दुरुस्ती नाही. दुसऱ्यात 'विशेष': रंगीत, खांद्यापर्यंत, दोन दुरुस्त्या. तिसऱ्यात 'सर्वोत्तम': तैलरंग, मोठा आकार, आणि किंमत... ती मी इथे सांगत नाही, ती लिहिताना चित्रकाराने डोळे मिटले होते. तिसऱ्या रकान्यात खाली थोडी जागा उरली. मजकूर डावीकडे कलल्यासारखा दिसत होता. तो तोल सांभाळायला चित्रकाराने तिथे आणखी एक ओळ बसवली: 'मनासारखं होईपर्यंत कितीही दुरुस्त्या.' ही ओळ त्याने विचार करून लिहिलेली नव्हती. तिची लांबी बरोबर बसत होती, म्हणून लिहिली. तळाशी एक रेघ: निम्मी रक्कम आधी, निम्मी काम पूर्ण झाल्यावर.

विमाकाकांनी जाळीतून दरपत्रक पाहिलं आणि दुसरा धडा दिला. "कार्ड पुढे कर, आकड्यावर बोट ठेव, आकडा मोठ्याने सांग. आणि मग गप्प. एक अक्षर नाही. जो पहिला बोलेल तो हरला."

दारावर पाटी लागली, 'व्यक्तिचित्रे. दर ठरलेले.' पहिल्यांदा एक बाई आल्या, त्यांना घराच्या भिंती रंगवायच्या होत्या. चित्रकाराने सराव म्हणून त्यांनाही कार्ड दाखवलं. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाल्या, "मधलं बरं वाटतंय. पण खांद्यापर्यंतच का? छतापर्यंत नाही का करत?"

त्यानंतर बरेच दिवस कुणीच आलं नाही. मग निरीक्षक आले.

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. दुकानांतले तराजू खरे आहेत का, मापाला माप आहे का, हे त्यांनी आयुष्यभर तपासलं. ताठ बसले. बायकोने चहा आणला, तर हात जोडून म्हणाले, "तपासणीच्या जागी मी काही घेत नाही. सवय आहे." मग खिशातून एक ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर त्यांच्या पत्नीचा फोटो होता. ओळखपत्रावरच्या फोटोत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, बहुधा तोच त्याचा उद्देश असावा. त्यातही हा धुवट, जुना, आणि त्यावरून शिक्का गेलेला.

"गेल्या वर्षी गेली," ते म्हणाले. "फोटो काढून घ्यायची नाही. म्हणायची, मला बघायचं तर समोर आहे ना."

चित्रकाराला घाम फुटला. जीभ 'तुम्हाला वाटेल ते' या शब्दांवर येऊन टेकली. पण जाळीपलीकडून विमाकाकांचं खाकरणं ऐकू आलं. त्याने कार्ड पुढे केलं, मधल्या आकड्यावर बोट ठेवलं, आकडा उच्चारला, आणि गप्प बसला.

निरीक्षकही गप्प बसले.

आता यात एक गोची होती, ती चित्रकाराला ठाऊक नव्हती. वजनमापे खात्यातही पहिला धडा हाच असतो: काटा स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही. दोन प्रशिक्षित माणसं समोरासमोर बसली होती. चहावर साय धरली. खाली कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न केला, ती चालू झाली नाही, तो माणूस चालत निघून गेला. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातलं फडकं घट्ट धरून उभी होती. निरीक्षकांनी हळूहळू मान खुर्चीच्या पाठीला टेकवली, खांदे सैल सोडले, आणि चित्रकाराच्या लक्षात आलं, की हा माणूस घासाघीस करत नाहीये. त्याला इथे बरं वाटतंय. समोर कुणीतरी माणूस बसलंय आणि गप्प आहे, याची त्याला सवय होती, आणि ती सवय त्याची वर्षभर मोडली होती.

"अहो, बोला की कुणीतरी!" जाळीपलीकडून विमाकाका कळवळून ओरडले.

निरीक्षक दचकले. त्यांनी चष्मा लावला आणि बोट सरकवत सरकवत तिसऱ्या रकान्यावर नेलं. "हे कितीही दुरुस्त्या म्हणजे... कितीही?"

"म्हणजे... हो," चित्रकार म्हणाला.

"त्यासाठी मला इथे यावं लागेल?"

"यावं लागेल."

"मग हा रकाना." आणि त्यांनी निम्मी रक्कम मोजून टेबलावर ठेवली.

ते गेल्यावर घरात जे काही झालं त्याला आनंद म्हणायला हरकत नाही. विमाकाका जाळीला नाक लावून म्हणाले, "तिसरा! एवढ्या वर्षांत मी नाही विकला!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडा घात झाल्याचं दुःखही. बायकोने पैसे कपाटात ठेवले आणि म्हणाली, "निम्मे झाले. उरलेले निम्मे आले की मी माघार घेतली." ती हसली होती. चित्रकाराने ते हसू लक्षात ठेवलं. तो चेहऱ्यांचाच धंदा करायचा.

दर मंगळवारी निरीक्षक येऊ लागले. पहिल्या मंगळवारी चित्र बघून म्हणाले, "डावी भुवई जरा वर हवी. माझ्यावर विश्वास नसला की ती वर जायची."

"म्हणजे कधी कधी?"

"नाही. नेहमी."

भुवई वर गेली. पुढच्या मंगळवारी हनुवटी. मग म्हणाले, हे फार म्हातारपणीचं झालं, तिला आवडलं नसतं. चित्रकाराने वय कमी केलं. तर म्हणाले, एवढी लहान असताना मी हिला पाहिलंच नव्हतं, ही कुणातरी दुसऱ्याची मुलगी वाटते. वय पुन्हा वाढवलं. प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक गोष्ट यायची. एका व्यापाऱ्याने लाच म्हणून घरी टोपलीभर फळं पाठवली तेव्हा तिने ती परत पाठवताना आधी घरच्या काट्यावर कशी तोलली, आणि वर चिठ्ठी कशी लिहिली, की लाचसुद्धा वजनाला कमी भरली. हे सांगताना निरीक्षक इतके हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला. चष्मा पुसून झाला तरी ते पुसत राहिले. त्या दिवशी बायकोने न विचारता चहा ठेवला. निरीक्षकांनी कपाकडे पाहिलं. "निवृत्त झालोय की मी," असं स्वतःशी म्हणून त्यांनी तो घेतला.

दरम्यान आणखी एक भानगड उपटली. खाली दारवानाच्या वहीत येणाऱ्याने कारण लिहावं लागे. निरीक्षक सवयीने लिहायचे, 'तपासणी'. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते वाचलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. लिफ्टच्या परवान्याची मुदत कधीच संपली होती. पुढच्या मंगळवारी निरीक्षक आले तेव्हा जिन्याला ताजा रंग होता, कुंड्यांना पाणी होतं, आणि सेक्रेटरी छातीशी फाईल धरून फाटकात उभे होते. निरीक्षक म्हणाले, "परवाना दर्शनी भागात लावा." तीन दिवसांत नवा परवाना आला आणि दर्शनी भागात लागला. एवढी कार्यक्षमता त्या इमारतीने बांधकामापासून पाहिली नव्हती.

मग हे गृहस्थ निवृत्त आहेत आणि चित्रासाठी येतात, हे सेक्रेटरींना कळलं. ज्याला आपण फसलो असं वाटतं, तो माणूस नियम फार बारकाईने वाचतो. चित्रकाराला नोटीस आली: राहत्या जागेचा धंद्यासाठी वापर.

"येणारे गृहस्थ गिऱ्हाईक नाहीत, परिचित आहेत, असं लिहून द्या, मिटवून टाकतो," सेक्रेटरी म्हणाले. मग न राहवून पुढे म्हणाले, "पण परिचित कुठे असा वार ठरवून येतो हो? माझा सख्खा भाऊ येत नाही."

कागद तयार झाला. खाली निरीक्षकांचीही सही हवी होती. त्यांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला. "हे खरं नाही. मी गिऱ्हाईक आहे. कामाशिवाय मी कुणाच्या घरी जात नाही. कधीच गेलो नाही."

पाटी उतरली. दंडही भरावा लागला, तो अर्थातच कपाटातल्या निम्म्या रकमेतून गेला. बायकोने कॅलेंडरकडे पाहिलं. साडूंचा निरोप येऊन गेला होता, की नक्षीवाल्या गृहस्थांचा निरोपसमारंभ ठरला.

आता उरला होता तीळ.

तीळ गालावर होता, एवढं नक्की. कोणत्या गालावर, ते निरीक्षकांना सांगता येईना. ओळखपत्रावर नेमका तिथेच शिक्का होता, आणि शिक्का दोन्ही गालांवर पसरला होता. "समोर बसून जेवायची," ते म्हणाले आणि रिकाम्या हवेत बोट उचललं. "इथे. म्हणजे माझ्या उजवीकडे. म्हणजे तिच्या..." बोट तसंच राहिलं. ज्या माणसाने चिमूटभर धान्याच्या फरकावरून दुकानं बंद केली होती, त्याला आपल्या बायकोचा तीळ सापडत नव्हता. एका मंगळवारी तीळ उजवीकडे आला. पुढच्या मंगळवारी डावीकडे गेला. परत उजवीकडे आला. तैलरंग असा निमूटपणे सगळं सोसतो. निरीक्षक प्रत्येक वेळी कोटाच्या आतल्या खिशातल्या जाड पाकिटाला हात लावायचे आणि हात तसाच बाहेर काढायचे. "नाही. अजून नाही."

"अरे, सांगून टाक ना त्यांना, झालं म्हणून!" विमाकाका जाळीतून कुजबुजायचे. "काम पूर्ण झालंय हे काम करणाऱ्याने सांगायचं असतं. आमच्याकडेही मुदत पूर्ण झाल्याचं आम्हीच कळवायचो."

शेवटचा मंगळवार आला. चित्रकाराने आदल्या दिवशी चित्राला फारसा हात लावला नव्हता. तीळ डाव्या गालावर नेला होता आणि त्याच्याखाली, ओठाच्या कडेला, एक बारीकशी सावली दिली होती, एवढंच. निरीक्षक आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं.

चित्रातली बाई डावी भुवई वर करून नवऱ्याकडे बघत होती. तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि तिला तो आवडत होता, दोन्ही एकदम. निरीक्षकांचा हात आपोआप वर आला आणि त्यांच्याच गालावर टेकला. काटा स्थिर झाला होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. या वेळी पूर्ण बाहेर काढलं. ते म्हातारे होते हे चित्रकाराला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. पाकीट हळूहळू टेबलाकडे येऊ लागलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाचा कप घेऊन जागच्या जागी उभी राहिली. जाळीपलीकडे विमाकाकांनी श्वास रोखून धरला होता, तोही ऐकू येत होता. फक्त गप्प बसायचं होतं. जो पहिला बोलेल तो हरला.

"साहेब," चित्रकार म्हणाला, "तीळ... नक्की डावीकडेच होता का?"

निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं. माप बरोबर आहे हे ठाऊक असताना दुकानदार स्वतःच 'पुन्हा एकदा तोला' म्हणतोय, असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. ते चित्राकडे वळले, परत चित्रकाराकडे वळले. मग पाकीट हळूच कोटात परत गेलं.

"तेच म्हणणार होतो मी," ते म्हणाले. "शंका आहे खरी. पुन्हा एकदा बघायला हवं."

"बघू की."

"मंगळवारी येतो."

"मंगळवारी मी घरी नसेन बहुतेक. रविवारी या."

निरीक्षकांनी मान हलवली, चहा संपवला, आणि जाताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, दारात थांबून बायकोला म्हणाले, "येतो हं." जाळीपलीकडून विमाकाकांच्या कपाळावर हात मारण्याचा आवाज आला.

बायकोने कप उचलला. चित्रासमोर उभी राहिली. त्या बाईने तिच्याकडेही भुवई वर करूनच पाहिलं.

"झालंय ना हे?"

"झालंय."

"मग?"

"तिसरा रकाना घेतलाय त्यांनी," चित्रकार म्हणाला.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि आत जाऊन कपाटातून त्याचा निळा शर्ट काढला. इस्त्रीचा वास घरभर पसरला.

सोमवारी चित्रकार खोक्यांच्या कंपनीत हजर झाला. खुर्ची होती, पंखा होता. पहिलं काम बल्बच्या खोक्याचं मिळालं. उजव्या बाजूला, तळाशी, एक चौकोन कोरा सोडायचा होता. किंमत तिथे दुसरा विभाग छापतो.